हात खरखरीत, ओठ फुटलेले

प्रश्न: ताई, मी निफाडची. थंडी पडली की बोटांना चिरा पडतात, भांडी घासताना जाम झोंबतं. ओठांवर लिप बाम लावते तरी सालपटं निघतातच. काय करू?

उत्तर: अगं, निफाडची थंडी कोरडी, त्यात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, म्हणजे कातडीचं होतं नव्हतं ते तेल धुऊन जातं. कोमट पाणी वापर, भांड्यांना रबरी ग्लोव्हज घाल, आणि हात टिपून थोडे ओलसर असतानाच क्रीम लाव, कोरड्या हातावर उशिरा लावलंस तर तेवढा फायदा होत नाही. रात्री चिरांवर व्हॅसलीन चोपडून सुती मोजे हातात घालून झोप, विचित्र वाटेल पण खरंच फरक पडतो.

ओठांचं म्हणशील तर आधी जीभ फिरवणं बंद कर, थुंकी वाळली की ओठ आणखी कोरडे पडतात, आणि सालपटं अजिबात ओढू नकोस. थंडगार वाटणारे मेंथॉलवाले बामही नकोत, फुटलेल्या ओठांना ते झोंबतात. साधं व्हॅसलीन किंवा कोकणातलं कोकम तेल, ते वडीसारखं घट्ट असतं, बोटाच्या उबेने विरघळवून लाव. ओठांचे कोपरे चिरून बरेच दिवस भरत नसतील तर मात्र स्किनच्या डॉक्टरांना दाखवच.