शहरातल्या चर्चमध्ये तरुण टिकतात की नाही, यात नेतृत्वाचा हात किती असतो?

तुम्ही विचारलंय की तरुण मुलं चर्चपासून दुरावतात ती पाळकांमुळे आणि कमिटीमुळे, की नोकरी, मोबाइल आणि वेळेची ओढाताण हीच खरी कारणं आहेत. मी पुण्यातल्या एका मराठी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो आणि बरीच वर्षं तरुण संघाच्या कामात आहे. माझ्या मते नेतृत्वाचा वाटा फार मोठा आहे. मात्र नेतृत्व म्हणजे एकटे पाळकसाहेब नव्हेत. पास्टोरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती), खजिनदार, गायन बसवणारे, संडे स्कूल चालवणाऱ्या बायका हे सगळे त्यात आले.

नोकरीचं कारण खोटं नाही. शनिवारी मध्यरात्रीपर्यंत लॅपटॉपसमोर बसलेली मुलगी रविवारी सकाळच्या उपासनेला येईलच असं नाही. पण तीच मुलगी संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या इंग्रजी फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनेसाठी जमणाऱ्या गटाला जाते. तिथे गिटार आणि ड्रम आहेत म्हणून जाते, असं आपल्याकडचे वडीलधारे म्हणतात. अशा मुलांशी बोललो की मला मात्र वेगळंच ऐकायला मिळतं. तिथे कुणीतरी नाव विचारलं, आठवड्यात फोन केला आणि लगेच काहीतरी काम सोपवलं. नगर, जालना, सोलापूरकडून शिकायला आलेल्यांचं तर हे ठरलेलंच. गावच्या मंडळीत त्याला सगळे अमक्याचा नातू म्हणून ओळखतात. इथे तो मागच्या बाकावर बसतो आणि आशीर्वाद झाला की निघून जातो. पाळकांनी दाराशी उभं राहून हस्तांदोलन करताना ‘कुठे राहतोस, जेवणाचं काय?’ एवढं विचारलं तरी तो पुढच्या रविवारी येतो. कितीतरी वेळा पाहिलंय हे.

पण ओळख झाली म्हणजे सहभाग आला असं नाही. सहभाग येतो तो विश्वासानं. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक धान्य, भाज्या, केक, कोंबड्या असं अर्पण आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. पूर्वी तरुणांच्या वाट्याला मंडप आणि सतरंज्या यायच्या. एका वर्षी तेव्हाच्या पाळकांनी कमिटीला सांगितलं, यंदा लिलाव आणि हिशेब दोन्ही तरुण संघाकडे. खजिनदारांना ते मुळीच पसंत नव्हतं. पोरांनी मात्र बोली लावणाऱ्यांची नावं वहीत उतरवली, उधारी राहिलेल्यांना आठवडाभर फोन केले आणि पुढच्या रविवारी जमाखर्च मंडळीसमोर वाचून दाखवला. वाचणारी मुलगी कॉलेजात होती, आवाज कापत होता. मग आमचे खजिनदार उठले आणि स्वतःहून म्हणाले, ‘पुढच्या वर्षीही हीच मुलं.’ त्यानंतर तरुण संघाच्या बैठकीला माणसं गोळा करावी लागली नाहीत.

यात नवं काही नाही. १८८१ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये फ्रान्सिस क्लार्क या पास्टरांनी ख्रिश्चन एंडेव्हर ही तरुणांची संस्था काढली. प्रार्थनासभेत प्रत्येकानं काहीतरी भाग घ्यायचा आणि कामाच्या समित्या तरुणांनीच चालवायच्या, हा तिचा गाभा. ती जगभर पसरली, भारतातही आली. वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना तर १८४४ साली लंडनमध्ये सुरू झाली ती जॉर्ज विल्यम्स या कापड दुकानात नोकरी करणाऱ्या बाविशीतल्या तरुणाच्या पुढाकारानं.

आमच्या चर्चमध्ये एक अडचण मात्र कायमची आहे, ती बदलीची. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, आमची मंडळी ज्यात येते ते चर्च) पाळकांची नेमणूक आणि बदली बिशपांच्या हातात असते. सगळं काम एकाच उत्साही पाळकांभोवती फिरत असेल, तर त्यांचं सामान ट्रकमध्ये चढलं की तरुण संघ थंडावतो. नव्या पाळकांना जुन्या उपक्रमांची माहितीही नसते. म्हणून मी कमिटीला जास्त महत्त्व देतो. कमिटीत पंचविशीतली दोन माणसं मत देण्याच्या हक्कासकट बसली असतील, तर बदलीनंतरही काम चालू राहतं. ‘तरुण प्रतिनिधी’ म्हणून नुसतं बोलावून कोपऱ्यात बसवणं म्हणजे न बोलावण्यापेक्षा वाईट, कारण मुलांना ते लगेच कळतं.

तरुणांना सगळ्यात जास्त तोडतात ते जागेचे आणि पैशाचे वाद. शहरात चर्चच्या जमिनीला सोन्याचा भाव आहे. दोन गट कोर्टात, वेदीपुढे मात्र शांतीचं अभिवादन, हे ज्या मुलानं दृढीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वासाची कबुली देण्याच्या वयात पाहिलं त्याला नंतर कोणता उपदेश पटणार? एका मंडळीत हिशेब मागणाऱ्या तरुणांना ‘बंडखोर’ ठरवलं गेलं. त्यातले बहुतेक आज कुठल्याच चर्चमध्ये नाहीत, आणि ही गोष्ट मला मनापासून सलते.

भाषेचा प्रश्नही आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘उपासना संगीत’ हे आपलं मराठी गीतांचं पुस्तक भराभर वाचता येत नाही. पडद्यावर शब्द मोठ्या अक्षरांत दाखवले, कोरस आधी एकदा म्हणून घेतला, की तीच मुलं रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं जोरात गातात. एवढं करायला फार खर्च येत नाही.

तुमच्या मंडळीत सुरुवात करायची असेल तर नाताळच्या कॅरल फेरीपासून करा. कुठल्या घरांना जायचं, गोळा झालेल्या दानातून काय करायचं, हे तरुणांना ठरवू द्या. ऑक्टोबरातच कमिटीच्या बैठकीत तो ठराव लिहून घ्या, म्हणजे डिसेंबरात कुणी मोडता घालणार नाही.