फार्मा जमत नाही म्हणून नर्सिंग सोडू का?

गारगोटीकडच्या एका मुलीचं पत्र आलंय. कोल्हापुरात बीएस्सी नर्सिंगला आहे, तिसरं सेमिस्टर. ती लिहिते, 'सर, फार्माकॉलॉजीच्या (औषधशास्त्राच्या) सेशनलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, २५ पैकी ७ पडले, औषधांची नावं रात्री पाठ करते आणि सकाळी सगळं गायब. बाबांना सांगून डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) जाऊ का?'

अगं थांब की जरा. डीएमएलटी वाईट नाही, पण ते आवडत असेल तर जा, फार्माला भिऊन नको. तुझ्या पत्रात वॉर्डबद्दल चार ओळी आहेत आणि त्यात तक्रार एकही नाही, हे मी बघितलंय.

तू नावं एकेक सुटी पाठ करतीयेस, तिथंच गाडी अडलीय. औषधांनासुद्धा आडनाव असतं, नावाच्या शेपटाला बघायचं. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, म्हणजे ओलोलवाले, हे बीटा ब्लॉकर, नाडी मंद करतात, म्हणून द्यायच्या आधी पल्स आणि बीपी बघायचं. रामिप्रिल, एनालाप्रिल हे प्रिलवाले, बीपीचेच, पण काहींना कोरडा खोकला लावतात. माझ्या आत्यानं त्या खोकल्यावर महिनाभर अडुळशाचा काढा प्यायला, शेवटी डॉक्टरांनी गोळी बदलली तेव्हा थांबला! आणि ब्रँडच्या मागं लागू नको, क्रोसिन, डोलो, कॅल्पॉल सगळ्यात पॅरासिटॅमॉलच आहे, जेनेरिक नाव, म्हणजे औषधाचं मूळ नाव, माहीत नसलं की एकाच पेशंटला दोन नावांनी डबल डोस जातो.

कायनेटिक्स आणि डायनॅमिक्समध्ये गोंधळ होतोय म्हणालीस. शरीर औषधाचं काय करतं ते कायनेटिक्स, औषध शरीराचं काय करतं ते डायनॅमिक्स. फर्स्ट पास इफेक्ट असा समज, पूर्वी शिरोली नाक्यावर जकात भरल्याशिवाय माल गावात यायचा नाही, तसं गिळलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरला जाते, तिथं बरंच औषध कापलं जातं आणि उरलेलं रक्तात पोचतं. छातीत दुखणाऱ्याला सॉर्बिट्रेट जिभेखाली का ठेवतात? तिथून ते थेट रक्तात जातं, नाका चुकतो. हाफ लाइफ म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, पॅरासिटॅमॉलचा दोन-तीन तास, हृदयासाठी देतात त्या डिगॉक्सिनचा दीड दिवसाच्या आसपास. डिगॉक्सिनमध्ये तर गुण येणारा डोस आणि विषारी डोस यात अंतर फारच थोडं, त्यालाच नॅरो थेराप्युटिक इंडेक्स म्हणतात, म्हणून छातीवर स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, मोठ्या माणसात ६० च्या खाली असले तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पुस्तकात ही एक ओळ असते, वॉर्डात तो तुझा एक मिनिट असतो.

आता इन्सुलिन, हे वॉर्डात हातात घेऊनच बघ. आपल्याकडं ४० युनिटची व्हायल, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली, भरपूर चालते, तिची सिरींज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरींजनं १० च्या खुणेपर्यंत ओढलंस तर जातात फक्त ४ युनिट. उलट केलंस, १०० ची व्हायल आणि लाल सिरींज, तर १० च्या जागी २५ जातात आणि पेशंटची शुगर धाडकन खाली! घाम, थरथर, वेळेत लक्षात नाही आलं तर बेशुद्ध. हे गणित वहीत दहा वेळा सोडव, कंटाळा आला तरी.

पुढं एम्सची नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा असो नाहीतर दुसरी कुठली स्टाफ नर्सची भरती, फार्मा तिथंही आहेच, चौथ्या सेमिस्टरला दुसरा भागसुद्धा आहे, तेव्हा पळून उपयोग नाही. बाबांना एवढ्यात काही सांगू नको.

या रविवारी घरी गेलीस की आजीच्या गोळ्यांचा डबा काढ, प्रत्येक स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं नाव वाच, आडनाव ओळख आणि ती गोळी देण्याआधी काय तपासशील ते शेजारी लिही, न ओळखलेली नावं मला पाठव.