पोरीचं तळ्याकाठचं गाव

प्रश्न : माझी मुलगी ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या कोन्स्टान्सला एम.एस्सी.साठी जाते आहे. नकाशात ते तळ्याच्या टोकाला एक लहानसं, जुनं गाव दिसतं. मोठे कारखाने दिसत नाहीत. तिथले लोक जगतात कशावर? तिला तिथं परकं वाटेल का? आणि खर्चाचं काय?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी या गावात अकरा वर्षं राहते. त्यातली पहिली दोन वर्षं इथल्या एका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसत होते, त्यामुळे लोक कशावर जगतात ते तिथूनच सांगते.

ऱ्हाइन नदी बोडेनसे तळ्यातून बाहेर पडते, तिथं हे गाव आहे. जुनी पेठ नदीच्या दक्षिणेला. चालता चालता ती कधी संपते आणि स्वित्झर्लंडचं क्रॉइत्सलिंगन कधी सुरू होतं, कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात गावानं दिवे मालवले नाहीत, म्हणून विमानांना हेही स्विस गाव वाटलं आणि ते वाचलं, असं इथं सगळे सांगतात.

शनिवारी माझ्या रांगेत निम्मे गिऱ्हाईक पलीकडचे असायचे. पगार फ्रँकमध्ये आणि खरेदी युरोत, म्हणजे त्यांना स्वस्ताई. शिवाय माल देशाबाहेर नेला की जर्मनीतला विक्रीकर परत मिळतो. आम्ही एक हिरवी चिठ्ठी भरून द्यायचो, सीमेवर जकातवाले शिक्का मारायचे, पुढच्या खेपेला ती दाखवली की पैसे परत. २०२० पासून ही सवलत ५० युरोंच्या वरच्या बिलालाच राहिली. २०२५ पासून स्वित्झर्लंडनंही माणशी करमाफ खरेदी ३०० फ्रँकवरून १५० वर आणली. अशा प्रत्येक बातमीनं इथला दुकानदार धास्तावतो, आणि ते मला समजतं. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे सीमेवर कुंपण पडलं, तेव्हा ही पेठ ओस पडलेली मी पाहिली आहे. अलीकडे-पलीकडे राहणारी जोडपी जाळीतून बोटं गुंफून उभी राहायची. मग हातही पोचू नयेत म्हणून दुसरं कुंपण आलं. ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

व्यापार इथं जुनाच. इथलं लिनन इटलीत विकलं जायचं. १३८८ सालची व्यापाऱ्यांची वखार बंदरावर अजून उभी आहे, आणि इथं ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी परिषद भरली होती तेव्हा, १४१७ मध्ये, याच वखारीत पोपची निवड झाली. त्याच धर्मपरिषदेनं १४१५ मध्ये यान हुस या चेक धर्मसुधारकाला जिवंत जाळलं. त्याच्या आठवणीचा मोठा धोंडा गावात आहे. मुलगी आली की मी स्वतः तिला तिथं नेईन.

बाकी पर्यटक आहेत, १९६६ पासूनचं विद्यापीठ आहे, आणि तळं आहेच. काठावरच्या झिप्लिंगन गावी उपसलेलं या तळ्याचं पाणी स्टुटगार्टपर्यंत, सुमारे ४० लाख लोकांच्या नळाला जातं. स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं, म्हणून मला त्या पाण्याचं जास्तच कौतुक. कोळ्यांचे मात्र हाल आहेत. फेल्खन हा इथला लाडका मासा इतका कमी झाला की २०२४ पासून तीन वर्षं तो धरायलाच बंदी आहे. क्वाग्गा नावाचे परके शिंपले माशांचं खाद्य गाळून खातात, हे त्याचं एक कारण. तेव्हा हॉटेलात फेल्खन दिसला तर कुठून आला ते विचारायला तिला सांगा.

परकं वाटेल, हिवाळ्यात तर नक्कीच. धुकं आठवडा-आठवडा हलत नाही. पण फेब्रुवारीच्या आसपास फासनाख्त हा सोंगं-मिरवणुकांचा सण येतो. त्यातल्या गुरुवारी संध्याकाळी शाळकरी मुलं पांढरे झगे घालून, भांडी बडवत गावभर फिरतात. तिनं खोलीत बसू नये, त्या गर्दीत शिरावं. पहिल्या वर्षी मला शेजारणीनं हात धरून नेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारू लागली.

खर्चाचं : युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना या राज्यात २०१७ पासून सत्राला १५०० युरो शुल्क आहे. खोली मिळणं त्याहून कठीण. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हाती पडेल त्याच दिवशी करू दे.

आणि ती कृष्णेत पोहायला शिकली असेल तर पोहण्याचे कपडे सामानात असू देत. हॉर्न या तळ्याकाठच्या पोहण्याच्या जागेला पैसे पडत नाहीत, आणि जूनमधली संध्याकाळ झाली की निम्मं विद्यापीठ तिथं असतं.