केस कापले म्हणून शाळा मुलीला वर्गाबाहेर उभं करू शकते का?

नाही. करू शकत नाही.

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, टायफॉइडनंतर केस फार गळायला लागले म्हणून तुम्ही ते खांद्यापर्यंत कापले, शाळेचा नियम ‘दोन वेण्या नाहीतर बॉयकट’ असा आहे आणि तिला सलग दोन दिवस पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभं केलं. शेवटी असंही विचारलंय की गणवेश हा प्रकारच बंद का करू नये. तुमचा प्रश्न मी ठाणे स्टेशनच्या पुलावर वाचला आणि कठड्याला टेकून परत वाचला. कायद्याचं खाली सांगते. आधी मला माझं सांगू द्या.

मी किसन नगरात वाढले. वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. १९८६ साली त्यांच्या कंपनीला टाळं लागलं आणि घर आईच्या शिलाई मशीनवर आलं. एप्रिल ते जून हा तिचा सीझन. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसायची. एका भिंतीला पांढरं टेरीकॉट, दुसऱ्या भिंतीला निळं सूटिंग, मध्ये मशीन, आणि मशीनच्या पायाशी बटणं लावायची राहिलेल्या शर्टांची थप्पी. लोकांचे गणवेश आधी, आमचे शेवटी. हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण तसंच होतं.

त्या जूनमध्ये मी आठवीत गेले. सातवीपर्यंत मुलींना ट्यूनिक होता, त्याच्या आत कुठला शर्ट आहे ते फारसं दिसायचं नाही. आठवीपासून निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट. स्कर्ट आईने मामेबहिणीचा जुना ट्यूनिक उसवून केला, खाली चार बोटं माया सोडून, म्हणजे दोन वर्षं तरी उंचीला पुरला असता. शर्टाचं कापड मात्र उरलं नाही. दादा दहावीत होता, त्याच्याकडे दोन शर्ट होते, त्याने एक मला दिला. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे मी दादाबद्दल जे म्हणणार आहे ते वाचताना हे तुमच्या लक्षात राहायला हवं. त्या पावसाळ्यात तो रोज रात्री एकच शर्ट धुऊन सकाळी कोळशाच्या इस्त्रीने वाळवून घालत होता. कॉलर दमटच असायची.

मुलांच्या शर्टाची काजं डाव्या पट्टीवर असतात, मुलींच्या उजव्या. शिवणाऱ्याला हे लांबून दिसतं, बाकी कुणाचं सहसा लक्ष जात नाही. आमच्या वर्गशिक्षिका बाईंचं गेलं.

शाळा सुरू होऊन चौथा की पाचवा दिवस. प्रार्थना झाली की नखं, रिबिनी, बूट बघायचे. माझी नखं कापलेली होती, रिबिनी धुतलेल्या, वेण्यांना तेल. बाई माझ्यासमोर थांबल्या, शर्टाच्या पट्टीला दोन बोटांनी धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हा कुणाचा शर्ट?” मी म्हटलं, “दादाचा.” मुलांच्या रांगेत हसू फुटलं. बाई म्हणाल्या, “मुलींचा शर्ट घालून यायचं. तोवर वर्गात बसायचं नाही.” मी दोन तास व्हरांड्यात उभी होते. आत बीजगणित चाललं होतं. बाईंचा आवाज यायचा, फळा दिसायचा नाही. माझ्या वर्गातल्या चार मुलींच्या अंगावर माझ्या आईने शिवलेले शर्ट होते. हे मला बाहेर उभं राहून मोजता आलं, कारण त्यांची बटणं मीच लावली होती.

घरी येऊन सांगितलं. आई काही बोलली नाही. रात्री ऑर्डरचं काम संपल्यावर, साडेदहा-अकरा झाले असतील, तिने तो शर्ट मांडीवर घेतला. काज म्हणजे कापडाला पाडलेली चीर, ती पुन्हा अखंड होत नाही. तिने सहाही काजं बारीक टाक्यांनी बंद केली आणि त्या टाक्यांवरच बटणं बसवली. मग दुसऱ्या पट्टीवरची जुनी बटणं उसवली, पेन्सिलीने खुणा केल्या, दाढीच्या ब्लेडने नव्या चिरा पाडल्या आणि दुहेरी दोऱ्याने एकेक काज हाताने भरलं. दोरा ओठांत ओला करायचा, सुईत ओवायचा, टाका, गाठ, टाका, गाठ. मी जागी होते. दादाही जागा होता. सकाळी शर्ट घड्या घालून माझ्या दप्तरावर ठेवलेला होता.

बाईंनी दुसऱ्या दिवशी बटणांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “आता कसं!” त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. त्या दुष्ट नव्हत्या, मराठीची कविता अशी शिकवायच्या की अजून पाठ आहे. तरी त्या दिवशी त्यांनी केलं ते चुकीचंच होतं, आणि हे म्हणायला मला चाळीस वर्षं लागली.

दादा आता एका शाळेत पर्यवेक्षक आहे. दर भाऊबीजेला कशावरून तरी आमचा हा वाद निघतोच. तो म्हणतो, आईने एका रात्रीत करून दाखवलं ना? म्हणजे ऐपत नसली तरी नियम पाळता येतो. आज केसांना सूट दिली की उद्या केस रंगवून येतील, परवा मोबाईल घेऊन येतील, मग मला साठ पोरं सांभाळायला कोण येणार आहे? आणि मुख्य म्हणजे तो म्हणतो की आईला नियम पटला होता, म्हणूनच ती शाळेत भांडायला गेली नाही.

हे मला मान्य नाही. आई गेल्यावर तिची मापांची वही माझ्याकडे आली. त्याच जूनच्या पानावर बाईंचं नाव आहे. दोन ब्लाऊज, अस्तर लावून, पैसे मिळाले म्हणून पुढे बरोबरची खूण. आई शाळेत गेली नाही ती बाई गिऱ्हाईक होत्या म्हणून. नुसत्या गिऱ्हाईक नाही, त्यांच्या शब्दावर शाळेतल्या निम्म्या आया आमच्याकडे कपडे टाकायच्या. कंपनी बंद, घरात तीन मुलं, आणि हिने जाऊन विचारायचं की माझ्या मुलीला बाहेर का उभं केलं? ते शक्य नव्हतं. जे करणं शक्य होतं ते तिने रात्री बसून केलं. दादाला ती शिस्त वाटते. मी त्या पट्टीवरून हात फिरवलाय, बंद केलेल्या काजांचे उंचवटे बटणांखाली हाताला लागायचे. शर्ट फाटेपर्यंत मी तो घातला आणि रोज सकाळी बटणं लावताना मला व्हरांडा आठवायचा.

आता तुमचं.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे, आणि असं करणाऱ्या शिक्षकावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते. केस कसे असावेत याचा नियम शाळेने करू नये असं कुठे सरळ लिहिलेलं नाही, म्हणून त्या नियमपुस्तिकेवर वाद घालत बसू नका. नियम मोडला म्हणून मुलीचा तास बुडवणं आणि तिला सगळ्यांसमोर उभं करणं, बोट तिथे ठेवा. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्यांनी तीन महिन्यांत ती निकाली काढायची असते. सातवी आहे म्हणजे महापालिकेचा शिक्षण विभाग. तिथे समाधान झालं नाही तर पुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

पण आधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी बोलून आलात तर ते बोलणं झालंच नाही असं धरा. अर्जात फक्त काय झालं ते लिहा: कुठल्या तारखेला, कुठल्या तासाला, किती वेळ. ‘माझी मुलगी फार हुशार आहे’, ‘आम्ही नियम पाळणारे आहोत’ असलं काही लिहू नका. मुलगी हुशार नसती तरीही तिला बाहेर उभं करायचं नव्हतं.

टायफॉइडचा दाखलाही जोडू नका असं मला वाटतं. दाखला जोडलात की आजाराशिवाय केस कापले असते तर शिक्षा बरोबर होती, असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. वेण्यांचा नियम आला तो उवा आणि डोळ्यांवर येणाऱ्या बटा यांच्यासाठी. खांद्यापर्यंतचे केस हेअरबँडने आणि दोन क्लिपांनी मागे राहतात. हेतू पुरा झाला तर वेणी हवीच कशाला? दादाला मी हेच विचारते. साठ मुलांसाठी एक नियम करणं सोपं असतं. कुठल्या मुलीसाठी तो बाजूला ठेवायचा हे ओळखायला शिक्षक लागतो, त्याच कामाचा त्याला पगार मिळतो. नुसती बटणं बघायची असतील तर शिपाईसुद्धा बघेल.

गणवेश बंद करावा हे मात्र मला अजिबात पटत नाही. आमच्या शाळेत वाढदिवसाला रंगीत कपडे चालायचे. पाचवीपासून दहावीपर्यंत माझा वाढदिवस आहे हे मी वर्गात कुणाला कळू दिलं नाही, कारण रंगीत म्हणावा असा फ्रॉक नव्हता. ते वर्षातून एकदाच व्हायचं. गणवेश नसता तर रोज झालं असतं. ज्यांच्या घरी कपाटं भरलेली असतात त्यांना गणवेश म्हणजे बंधन वाटतं. मला तो आडोसा होता.

फक्त तो आडोसा राहायला हवा. आता घोडबंदर रोडच्या शाळांमध्ये रोजचा एक, पी.टी.चा एक, हाऊसच्या रंगाचा टी-शर्ट वेगळा, आणि हे सगळं एकाच दुकानातून. शाळेने ठराविक दुकानाची सक्ती करायची नाही असं सरकारने वेळोवेळी बजावलंय, तरी जूनमध्ये गोखले रोडवर जाऊन बघा, पालक यादी हातात धरून उभे असतात. उलट टोकही आपण बघितलं. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारने सरकारी शाळांसाठी ‘एक राज्य एक गणवेश’ आणला, कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडे. कपडे वेळेवर मिळाले नाहीत, मापात बसले नाहीत, अशा तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गणवेशाचा निर्णय परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. यात मला नवल वाटलं नाही. मुलाच्या खांद्याला टेप न लावता शर्ट शिवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार. शिवणाऱ्या बायकांना दोष देऊ नये, त्यांच्या हातात आलं ते आधीच ठरवून आलं होतं.

काही गोष्टी राहिल्या. तुमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाप्रमाणे शिक्षणहक्क कायदा तिला लागू होत नाही, तेव्हा महापालिकेत फेऱ्या न मारता सरळ बाल हक्क आयोगाकडे जा. दाखल्याचं मी वर जे म्हटलं ते माझं मत झालं. मुख्याध्यापक ऐकणारे असतील आणि दाखल्याने उद्याच मुलगी वर्गात बसणार असेल तर द्या, तिचे तास माझ्या मतापेक्षा महत्त्वाचे. आणि शिक्षिकेवर कारवाई व्हावी इथपर्यंत न्यायचं की नाही हे घाईत ठरवू नका, मुलीला त्याच वर्गात मार्चपर्यंत बसायचंय.

दादाचं एक म्हणणं मात्र खरं आहे. तो म्हणतो, “आईने तुला विचारलं असतं की जाऊ का शाळेत, तर तूच नको म्हणाली असतीस.” हो, म्हणाले असते. रडून म्हणाले असते. तेराव्या वर्षी कुठल्याही मुलीला आपली आई शाळेच्या ऑफिसबाहेर बाकावर बसलेली नको असते. तुमचीही कदाचित नकोच म्हणेल. तिला आधी नीट सांगा की तुम्ही काय बोलणार आहात आणि काय बोलणार नाही, तिला आत यायचं नसेल तर आणू नका, पण जा. सकाळी प्रार्थनेच्या वेळी जाऊ नका, सगळा वर्ग बघतो. मधली सुट्टी संपल्यावर जा.