कल्चरच्या पानावर पण आकडे असतात गं

अगं, तुझा मेसेज वाचला. पेपरच्या बिझनेस डेस्कवरून कल्चरच्या पानावर गेलीस, अभिनंदन! पण पुढे जे लिहिलंयस ना, की आता डोक्याचा ताप गेला, आकडे तपासायची कटकट संपली, ते काही पटलं नाही मला, म्हणून हे लिहायला बसलो, लांबलं तर सांभाळून घे.

बिझनेसला निदान कागद असतो. रेपो रेट रिझर्व्ह बँकेच्या साइटवर मिळतो, कंपनीचा नफा शेअर बाजाराला दिलेल्या फायलिंगमधे असतो, तिथे चुकतं ते कागद अर्धवट वाचल्यामुळे. सहकारी बँकांच्या बातम्या आठव, पुण्यात तर घरटी एक माणूस त्या वाचतो. रुपी बँकेवर २०१३ पासून निर्बंध होते, परवाना रद्द करायचा आदेश आला ऑगस्ट २०२२ मधे आणि तो सहा आठवड्यांनी लागू होणार असं त्या आदेशातच लिहिलेलं. निर्बंध वेगळे, आदेश वेगळा, लागू होणं वेगळं, पण घाईत सगळ्यालाच ‘बँक बुडाली’ म्हणून मोकळे होतात लोक. आणि ते ‘प्रत्येक खात्याला ५ लाखांचं विमा संरक्षण’ हे वाक्य तर मी कितीदा खोडलंय! खात्याला नाही, ठेवीदाराला. त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या त्याच्या नावावरच्या ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख. फेब्रुवारी २०२० च्या आधी हेच १ लाख होतं. आता एखाद्या आजोबांनी तुझी बातमी वाचून एकाच बँकेच्या कोथरूड आणि सहकारनगर शाखेत दोन एफडी केल्या तर दोन्हींना वेगवेगळं संरक्षण आहे समजून ते निवांत झोपणार, आणि चूक आपली.

कल्चरला असा कागद सहसा नसतो, तिथे माणसांची आठवण असते, आणि आठवण फार आत्मविश्वासाने चुकते. म्हणून मला तरी ते काम जास्त अवघड वाटतं.

सवाईचंच बघ, पुण्यातला सवाई गंधर्व संगीत महोत्सव. पहिला महोत्सव १९५३ चा. मग २०२४ चा कितवा? बोटं मोजलीस तर ७२ वा येतो, पण तो होता ७० वा, कारण कोविडमुळे २०२० आणि २०२१ ला झालाच नाही. गणित बरोबर आणि बातमी चूक! अशा ठिकाणी आयोजकांची पत्रिका समोर ठेवायची, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि उद्या कोणी रमणबागेतल्या मांडवाची आठवण सांगितली तर साल विचार, हल्ली तो मुकुंदनगरला होतो.

दुसरं, बालगंधर्व रंगमंदिर. एखादे काका तुला अगदी रंगवून सांगतील की उद्घाटनाला खुद्द बालगंधर्व होते, मी समोर बसलो होतो. काका खोटं बोलत नसतील गं. भूमिपूजन बालगंधर्वांच्याच हातून झालेलं, तेच डोक्यात सरमिसळ होऊन बसतं. पण उद्घाटन २६ जून १९६८ चं आणि बालगंधर्व गेले जुलै १९६७ मधे, दोन तारखा शेजारी लिहिल्या की संपला विषय. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून तर ती तारीख निवडलेली, म्हणजे खरी गोष्ट पण काही कमी छान नाहीये. काकांना मात्र प्रेमाने परत फोन करायचा, तोंडावर पाडायचं नाही, पुढच्या बातमीला तेच लागतात.

‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वात मोठा’ हे शब्द बातमीच्या मजकुरात दिसले की थांबायचं, पुरावा नसेल तर सरळ उडव, वाक्य जिवंत राहतं. पुलंच्या नावाने फिरणारे फॉरवर्ड तर पुस्तकात पान सापडल्याशिवाय छापूच नकोस.

आणि तुला वाटतंय की पैशाशी संबंध सुटला, तर सिनेमाच्या कमाईची बातमी कोण करणार? तूच! निर्माता आकडा पाठवतो तो बहुतेकदा ग्रॉस, म्हणजे तिकिटावरच्या जीएसटीसकट. कर काढला की नेट, त्यातून थिएटरचा वाटा गेला की मग उरतं ते वितरक आणि निर्मात्याकडे जातं. ग्रॉसला नफा म्हणणं म्हणजे दुकानाच्या गल्ल्याला मालकाची कमाई म्हणणं. त्यामुळे विचार, ग्रॉस की नेट, देशातली की जगभरातली, किती दिवसांची. उत्तर नाही मिळालं तर ‘निर्मात्यांच्या म्हणण्यानुसार’ असं लिही, आणि हेडिंगमधे पण लिही, नुसतं आत कुठेतरी चौथ्या परिच्छेदात दडवून नको.

बिझनेसच्या दिवसांतली ती एक्सेल शीट आहे ना अजून, दावा, कुठून आला, कोणी तपासला वाली? तीच उघड आणि एक रकाना वाढव, ‘सांगणारा तिथे स्वतः होता का’. पहिली दोन-चार पानं झाली की मला पाठव, बघतो.