मंडळाचा अंक आणि रुसलेले कवी

प्रश्न : आमच्या साहित्य-कला मंडळात सगळे हौशी लिहिणारे आहेत. दर दिवाळीला सभासदांच्या लेखनाचा छोटा अंक काढतो. कवितांचा ढीग येतो, गद्य मात्र जेमतेम दोन-तीन पानं. कविता परत केली की माणूस बैठकीला यायचाच बंद होतो आणि सगळ्या छापल्या तर अंक कुणी वाचत नाही. एका निवृत्त एस.टी. कंडक्टरांच्या ओळी नमुन्यादाखल पाठवते :

सृष्टीने शालू नेसला हिरवागार,
थेंबाथेंबांत दाटला प्रेमाचा उद्गार,
मुक्कामी गाडीच्या टपावर पाऊस रात्रभर,
खाली पाय आखडून झोपलो आम्ही सीटवर.

काय करावं?
– मंडळाच्या चिटणीस, वाळवा तालुका

उत्तर : ताई, आधी या ओळींबद्दल बोलते. पहिल्या दोन कुठल्याही मंडळाच्या अंकात सापडतील. पुढच्या दोन या गृहस्थांखेरीज कुणाला सुचल्या नसत्या. टपावरचा तो पाऊस मला ऐकू आला. त्यांना सरळ सांगा : काका, तुमची कविता तिसऱ्या ओळीपासून सुरू होते, वरच्या दोन काढू या. आणि मग विचारत बसा. गाडी कुठल्या गावी मुक्कामाला असायची? तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल कुठल्या उजेडात भरायचात? तिकिटांचा ट्रे रात्री कुठे ठेवायचात? पहाटे पहिली डबल बेल दिली की गाडीत कोण असायचं, दूधवाले की परीक्षेला निघालेली पोरं? ते बोलायला लागले की शेजारच्या कुणाला तरी लिहून घ्यायला बसवा. तुम्हाला हवं असलेलं गद्य तिथेच मिळेल.

गद्य म्हटलं की लोकांना शाळेतला निबंध आठवतो आणि हात आखडतो. त्यांना नाट्यछटा लिहायला सांगून बघा. एकच माणूस बोलतोय, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, पण तो काय म्हणाला असेल ते कळतं. दिवाकरांनी १९११ पासून या छटा लिहिल्या. त्या इतक्या आटोपशीर असतात की बहुतेक एखाद-दोन पानांत संपतात. रेशन दुकानदार, अंगणवाडीताई, दवाखान्यातली मावशी, तुमच्या मंडळात कोण कोण असेल ते बघा. प्रत्येकाला रोजचं भांडण पाठ असतं, तेच कागदावर यायला हवं.

आता रुसव्याचं. निवड तुम्ही एकट्या घरी बसून करता, म्हणून राग तुमच्यावर निघतो. अंकाच्या दोन महिने आधी बैठक बोलवा, ज्याने त्याने आपलं लेखन स्वतः मोठ्याने वाचावं. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ उभं राहिलं, तेव्हा माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमा आणि श्रीधर रानडे ही मंडळी एकत्र जमून कविता वाचत, ऐकत, त्यावर बोलत. दिवाकरही त्यांच्यातलेच. यशवंत-गिरीशांनी पुढे काव्यगायन गावोगाव नेलं. मोठ्याने वाचताना भरतीची ओळ वाचणाऱ्याच्याच जिभेवर अडखळते, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. एक मात्र सांभाळा. नुसती वाहवा करत राहिलं की सगळ्यांचा सूर एकच होतो. रविकिरणच्या कवितेतल्या अशाच लकबी अत्र्यांनी १९२५ च्या ‘झेंडूची फुले’ या विडंबनसंग्रहात नेमक्या पकडल्या. म्हणून प्रत्येक वाचनानंतर ऐकणाऱ्यांपैकी एकाने आवडलेली एक ओळ आणि खटकलेली एक ओळ सांगायची, असा रिवाजच पाडा.

तरीही काही लेखन परत करावं लागेलच. ‘जागेअभावी’ असं कृपा करून लिहू नका, त्याने कुणाचंच समाधान होत नाही. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कुठे काय जमलं नाही ते सांगत, आणि लेखक पुन्हा लिहीत. चार ओळींचं का होईना, हाताने लिहिलेलं पत्र द्या. माणूस रुसेल, पण पुढच्या वर्षी बहुधा येईल.

प्रश्न : अंकात थोर कवींच्या एक-दोन कविता घातल्या तर चालतं का? आणि सभासदाने आपलं लेखन आम्हाला दिलं की ते मंडळाचं होतं का?
– त्याच मंडळाचे कोषाध्यक्ष

उत्तर : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनाचे हक्क (कॉपीराइट) वारसांकडे राहतात. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या कविता २०१७ पासून खुल्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, त्यांच्या कवितेसाठी लेखी परवानगी मागावी लागेल. मोबाइलवर थोरांच्या नावाने फिरणाऱ्या कविता तर मूळ संग्रहात सापडल्याशिवाय छापूच नका.

सभासदाचं लेखन सभासदाचंच राहतं. त्याने हक्क लेखी करार करून मंडळाला दिले असतील तरच गोष्ट वेगळी. कंडक्टर काकांनी उद्या त्यांच्या मुक्कामी गाड्यांचं पुस्तक काढलं, तर तुमची परवानगी त्यांना लागणार नाही. हे अंकाच्या पहिल्या पानावर छापून टाका.