गुडघा, ताई ची आणि जिम: ‘सगळं बंद करा’ ऐकण्याआधी

तुमची पोस्ट वाचताना मध्येच थांबून वर नाव बघितलं, मीच कधी लिहून विसरले की काय म्हणून. वय ४४, दिवसभर खुर्चीतलं काम, ताई ची (संथ हालचालींची चिनी युद्धकला) नियमित, फॉर्म म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम अंगात बसलेला. पण ऑफिसचे तीन मजले चढले की धाप लागते आणि उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो. ताई चीचे सर म्हणतात वजनं उचलू नका, अंग कडक होईल. डॉक्टर म्हणतात ताई चीसुद्धा थांबवा. आणि तुम्ही विचारताय की ऐकायचं कोणाचं, टेकडी चालेल का, पोहणं चालेल का.

आधी डिस्क्लेमर. मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही, कोणाची गुरू तर नाहीच नाही. बरीच वर्षं ताई चीच्या यांग पद्धतीचा सराव करणारी आणि गुडघ्यापायी मध्ये चांगलीच अडकून पडलेली बाई आहे, इतकंच. तुमचा गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, चालता चालता दगा देत असेल किंवा पडून-आपटून दुखायला लागला असेल, तर हे वाचणं सोडा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. वॉर्म-अप, पाणी, झोप यांवर मी काही लिहीत नाही, ते तुम्हाला येत असणार.

वजनं उचला. ताई चीसारख्या अंतर्गत (आतल्या ताकदीवर भर देणाऱ्या) कलावाले बाहेरचा व्यायाम करत नसत, हा समज कुठून आला देव जाणे. ताई चीच्या चेन घराण्यात लांब काठी झटकायचा सराव आहे: तीन-चार मीटरची, बुडाशी जाड, भरपूर वजनाची काठी दोन्ही हातांनी धरायची आणि कमरेतून असा झटका द्यायचा की थरथर टोकापर्यंत पोचली पाहिजे. थोडा वेळ करून बघा, मग हा वजनी व्यायाम नाही असं सांगा. चिनी गुरू सुन लुतांग (१८६०–१९३३), ज्यांनी शिंग-यी, बागुआ आणि ताई ची या तिन्ही युद्धकलांना एका कुळात बसवलं, ते ताई चीकडे आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि आधीच्या दोन्ही कलांत शरीर घोटून झालेलं होतं. आपण येतो ते दिवसभर खुर्चीत बसून, हिंजवडीच्या बसमधून.

आणि आपल्याकडे बहुतेक वर्गांत शिकवतात तो २४ हालचालींचा फॉर्म १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने सर्वसामान्यांच्या आरोग्यासाठी यांग पद्धतीतून छोटा करून काढला. पाच-सहा मिनिटांत संपतो. श्रमाच्या मोजमापात ताई ची साधारण ३ मेट (स्वस्थ बसलेल्या शरीराच्या तिप्पट श्रम) धरतात, म्हणजे सपाट रस्त्यावर ताशी चार किलोमीटरने चालण्याइतकं. त्याने तोल सुधारतो, सांधे मोकळे होतात, डोकं शांत होतं. तीन मजल्यांचा दम त्यातून यायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, असं वेगवेगळं सांगितलंय. गळा कितीही तयार असला तरी दम नसेल तर तान अर्ध्यात तुटते, तसंच हे.

आता तुमच्या डॉक्टरांच्या ‘थांबवा’कडे येते, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं.

त्या क्लिनिकचं नाव सांगत नाही, विचारूही नका. चकचकीत जागा, एसी, रिसेप्शनवर फाइल आणि बारकोड. गुडघ्याचा एमआरआय झाला, रिपोर्टमध्ये ‘वयानुरूप झीज’ आली. (चाळिशीनंतर न दुखणारा गुडघा त्या मशीनमध्ये घातला तरी बऱ्याचदा काही ना काही लिहून येतं, हे मला फार नंतर कळलं.) मग हुकूम सुटला: ताई ची बंद, मांडी घालून बसणं बंद, जिने बंद, टेकडी बंद. आणि शेक, करंट, अल्ट्रासाउंड यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. रोज कोणीतरी येऊन गुडघ्याला चार पट्ट्या चिकटवायचं, मशीनचं बटण दाबायचं आणि पुढच्या पलंगाकडे जायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. गरम शेकलं की कोणालाही बरं वाटतं.

पॅकेज संपलं, मग दुसरं घ्या म्हणाले. या सगळ्या काळात एकानेही विचारलं नाही की बाई, तुम्ही नेमकं करता काय? ‘ताई ची’ म्हटल्यावर समोरचे डॉक्टर ‘कराटे वगैरे का?’ म्हणाले आणि लिहायला लागले. मी उभी राहून दाखवते म्हटलं तर ‘गरज नाही’. तक्रार करायला गेले तर काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर, तिथून ‘मेल करा’. मेलला उत्तर म्हणून फीडबॅक फॉर्मची लिंक आली.

त्या विश्रांतीने काय केलं ते सांगते. शिंप्याच्या टेपने मोजलं तेव्हा उजवी मांडी डावीपेक्षा उघड उघड बारीक झाली होती. गुडघ्याला सांभाळणारा मांडीचा आणि खुब्याचा स्नायूच गेला, मग दुखणार नाही तर काय होणार? दुखतं म्हणून विश्रांती, विश्रांतीमुळे आणखी अशक्त, अशक्त म्हणून जिना उतरताना आणखी दुखणं. त्यांच्या दृष्टीने छान चाललं होतं, पेशंट परत येत होता.

शेवटी एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या फिजिओकडे पाठवलं. छोटी खोली, एक सतरंजी, बाक आणि चार डंबेल्स. त्या पहिलंच वाक्य बोलल्या, ‘करून दाखवा.’ मी फॉर्म सुरू केला आणि वळायच्या जागी त्यांनी थांबवलं. आमच्या वर्गात वळताना वजन असलेल्या पायावरच पंजा फिरवायला शिकवत. काही यांग शाखांत तसंच करतात, काहींत वजन आधी मागच्या पायावर घेतात आणि मगच पंजा वळवतात. गुळगुळीत फरशीवर, पातळ तळव्याच्या कापडी बुटात एक वेळ चालून जातं. पण आम्ही सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर, पळायचे जाड रबरी बूट घालून करत होतो. पंजा ब्लॉकला धरून बसतो, कंबर वळते, आणि मधला सगळा पीळ गुडघ्यात जातो. रोज, प्रत्येक वळणाला. हे एमआरआयमध्ये कसं दिसणार?

म्हणून तुम्हीही आधी हे तपासा. वळताना वजन काढून घ्या, मग पंजा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय का हे मोबाइलवर व्हिडिओ घेऊन बघा; आत झुकत असेल तर तुमचं दुखणं आतल्या बाजूला का आहे हे निम्मं तिथेच कळेल. आणि बैठक उंच ठेवा. खाली बसून फोटो छान येतो, बाकी काही नाही.

‘ताई ची बंद’बद्दल एवढंच: २०१६ साली बोस्टनच्या संशोधकांनी गुडघ्याच्या झिजेचा संधिवात असलेल्या २०४ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा आठवडे ताई ची, दुसऱ्याला सहा आठवडे फिजिओथेरपी आणि पुढचे सहा आठवडे घरी व्यायाम. दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. तुमच्या डॉक्टरांशी वाद घालू नका, पण ‘नेमकी कुठली हालचाल बंद?’ असं विचारा. उत्तर ‘सगळीच’ आलं तर दुसरं मत घ्या.

ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा, तासाच्या आत. मागे बाक ठेवून, छातीशी डंबेल धरून स्क्वॉट. एका पायरीवरून सावकाश उतरणं. टाचा उचलणं. काहीतरी ओढायचं, कारण ताई चीत पाठीला ओढायचं काम जवळजवळ नसतं. दोन हातांत वजनं घेऊन चालणं. आणि डेडलिफ्ट (खुब्यातून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं), अगदी हलक्यापासून. घाबरू नका, सर ज्याला ‘क्वा’ म्हणून कानीकपाळी ओरडतात तो जांघेतला सांधा मला डेडलिफ्टमध्ये पहिल्यांदा सापडला. करताना थोडं जाणवलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना जास्त दुखलं तर वजन उतरवा. बोसू बॉलवर (अर्ध्या कापलेल्या फुगीर चेंडूवर) उभं करणाऱ्या ट्रेनरपासून लांब राहा, तोल तुम्हाला त्याच्यापेक्षा बरा येतो.

मुद्गल (तालमीत फिरवायचे जड लाकडी सोटे) मिळाले तर सोडू नका. खांदा सैल ठेवून, कमरेतून वजन फिरवायला याहून चांगलं साधन मी पाहिलं नाही, आणि पेठांतल्या जुन्या तालमींत विचारलं तर दाखवणारं कोणीतरी भेटतं. तालमीतल्या बैठका मात्र सध्या नकोत. त्यात टाच उचलते, गुडघा खूप पुढे जातो, आणि तिथे शंभराच्या आत कोणी थांबू देत नाही.

सरांचं एक म्हणणं मात्र खरं आहे. छाती-खांद्याचा जड व्यायाम करून त्याच संध्याकाळी पुश हँड्सला (जोडीदाराशी हात टेकवून करायच्या सरावाला) गेलात तर खांदे वर चढलेले असतात आणि समोरच्याला तुमची ताकद लगेच हाताला लागते. म्हणून एकाच दिवशी दोन्ही असेल तर फॉर्म आधी, वजनं नंतर. सरांना सगळं सांगायलाच हवं असं नाही. मी सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी तेच म्हणाले, ‘पाय आता जमिनीत रुजायला लागले.’ मी मान डोलावली.

टेकडी चालेल, पण चढायला. दम चढताना वाढतो आणि गुडघ्याचे हाल उतरताना होतात. पुण्यातल्या वेताळ टेकडीला पायवाटेने चढा आणि एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या डांबरी रस्त्याने सावकाश उतरा. बोलता यावं पण गाता येऊ नये एवढा वेग. सिंहगड सध्या नको, मित्रांनी कितीही भरीस घातलं तरी.

पैशांचं एक: आगाऊ पॅकेज घेऊ नका, प्रत्येक सेशनची वेगळी पावती मागा. आणि नेहमीच्या आरोग्यविम्यात ॲडमिट न होता घेतलेली फिजिओथेरपी बहुधा बसत नाही, ओपीडीचं कव्हर आहे का ते आधी पॉलिसीत बघा. मला पावत्यांची फाइल तशीच परत मिळाली.

पोहायचं विचारलंत, तर फ्रीस्टाइल खुशाल करा, दम वाढायला उत्तम. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ गुडघ्याच्या नेमक्या आतल्या बाजूला ताण देते, ती दुखणं थांबेपर्यंत नको. आणि वळतानाचा व्हिडिओ काढलात तर समोरून काढा, बाजूने काढलेल्यात गुडघा आत झुकतोय का ते कळत नाही.